फिट एका भागातून दुसऱ्या भागात कशी जाते? दोन समीकरणांपासून सुरुवात

सोलापूरच्या पूर्व भागात आमच्या आत्याचं घर आहे. खाली चार माग, वर राहती खोली. आत्याचा मुलगा तेव्हा सोळा वर्षांचा होता. मागावर कांडी बदलत असताना त्याच्या उजव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. तो पूर्ण शुद्धीवर होता, स्वतःच्याच अंगठ्याकडे बघत होता. मग पंजा उडायला लागला, मग कोपरापर्यंतचा हात, मग तोंडाची उजवी बाजू ओढली गेली आणि तो कोसळला. कोणी कांदा आणायला धावलं, कोणी चप्पल हुंगवली. मी त्याच्या हातावर हात ठेवून बसलो होतो. आधी सलग थरथर होती. हळूहळू धक्के सुटे झाले, एकेका धक्क्यातलं अंतर वाढत गेलं, आणि मग सगळं थांबलं. मागे माग खटखटत होतेच.

पुढे गणितात एमएस्सी करताना मला कळलं की त्या दोन-तीन मिनिटांत दोन प्रश्न दडलेले होते. अंगठ्याच्या पट्ट्यात सुरू झालेलं वादळ शेजारच्या, चांगल्या असलेल्या पट्ट्यात का शिरलं? आणि कोणी काही न करता ते आपोआप का थांबलं? मेंदूच्या पृष्ठभागावर अंगठा, हात आणि चेहरा हलवणारे पट्टे एकमेकांना लागून असतात. झटका असा पायरी-पायरीने सरकतो हे इंग्रज मेंदूतज्ज्ञ ह्यूलिंग्ज जॅक्सन यांनी एकोणिसाव्या शतकातच नोंदवून ठेवलं होतं. गणित त्याला बरंच नंतर लागलं.

हा लेख बीएस्सी-एमएस्सीच्या, इंजिनीअरिंगच्या, किंवा नुसतीच ओढ असलेल्या मुलामुलींसाठी आहे. बारावीचं डेरिव्हेटिव्ह येत असेल, आलेखाचा कागद असेल आणि इंटरनेट असलेला एखादा कॉम्प्युटर कॉलेजात मिळत असेल, तर एवढ्यावर सुरुवात होते.

गणिताआधी एक गोष्ट, कारण हा लेख वाचणाऱ्या कोणाच्या तरी घरात हा आजार, म्हणजे फिट येणं किंवा अपस्मार, असणारच. फिट आली की माणसाला कुशीवर वळवा, आजूबाजूची टणक वस्तू सरकवा, घड्याळ बघा. तोंडात चमचा, बोट, पाणी काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा, चप्पल, किल्ल्या यांनी काही होत नाही. झटका बहुतेक वेळा स्वतःच थांबतो आणि श्रेय कांद्याला मिळतं. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालला, किंवा शुद्धीवर न येता दुसरा आला, तर थेट दवाखाना.

आणि लपवू नका. सोलापूरकर डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव अभिमानाने घेतात. १९३८ साली ते वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, त्यांचा मृत्यू अपस्माराच्या झटक्यांनी झाला, हे मात्र आपल्या बोलण्यात क्वचित येतं. हान्स बर्गर यांनी माणसाच्या मेंदूतल्या विजेची पहिली नोंद घेतली ती १९२४ साली. कोटणीस तेव्हा तेरा वर्षांचे होते. इतकी ही विद्या तरुण आहे.

पहिली पायरी: किती जवळून बघायचं ते ठरवा

मेंदूत सुमारे ८६ अब्ज न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, आहेत. नवखा विद्यार्थी बहुधा १९५२ च्या हॉजकिन-हक्स्ले समीकरणांपासून सुरुवात करतो, कारण पुस्तकात तीच आधी असतात. ती एका न्यूरॉनची समीकरणं आहेत. सुंदर आहेत, पण आपल्या प्रश्नासाठी फार जवळची. चादरीवरचा मोर ओळखायचा तर एकेक धागा मोजून भागत नाही. १९७२ मध्ये विल्सन आणि कोवन यांनी न्यूरॉनच्या अख्ख्या समूहाला एकच आकडा देण्याची वाट दाखवली. १९९५ मध्ये यान्सेन आणि रिट यांचं मॉडेल आलं, त्यातून ईईजीसारख्या (डोक्याला तारा लावून घेतलेल्या मेंदूच्या विजेच्या नोंदीसारख्या) लहरी मिळू लागल्या. आणि २०१४ मध्ये व्हिक्टर यिर्सा आणि सहकाऱ्यांनी ‘एपिलेप्टर’ मांडलं, खास झटक्यासाठी. त्यात मेंदूच्या एका प्रदेशाला पाच चल, म्हणजे बदलणाऱ्या राशी, असतात. आपण त्याचं दोन चलांचं छोटं रूप घेणार आहोत. माझं स्पष्ट मत आहे की शिकायला याहून चांगली जागा नाही: ते हाताने सोडवता येतं आणि तरीही खरं काही सांगतं.

दुसरी पायरी: एक प्रदेश, दोन चल

पहिला चल क्ष. त्या प्रदेशातली विद्युत खळबळ. क्ष उणे दीडच्या आसपास म्हणजे शांत, शून्याच्या वर म्हणजे झटका चालू.

दुसरा चल ल, म्हणजे लगाम. हा फार संथ चालतो. झटका चालू असताना तो हळूहळू आवळत जातो, शांततेत सैलावतो. पुरता आवळला की झटका थांबतो, फार सैलावला की झटका सुरू होतो. शरीरात नेमकं कशाला लगाम म्हणायचं? पेशींबाहेरचे क्षार, ऑक्सिजन, ऊर्जा अशा संथपणे बदलणाऱ्या गोष्टींचा तो एकत्रित प्रतिनिधी आहे. एका कुठल्या रसायनाचं नाव त्याला देऊ नका.

समीकरणं अशी (वेग म्हणजे वेळेबरोबर बदलण्याचा दर):

क्ष चा वेग = ४.१ − क्ष³ − २क्ष² − ल
ल चा वेग = [४(क्ष − उ) − ल] ÷ २८५७

इथे उ म्हणजे त्या प्रदेशाची उत्तेजकता, त्याचा जन्मजात स्वभाव म्हणा हवं तर. २८५७ ने केलेला भागाकारच लगामाला संथ करतो. लक्षात ठेवा, यातलं वेळेचं एकक सेकंद नाही. खऱ्या रुग्णाशी जुळवायचं असेल तर ते वेगळं बसवावं लागतं. या एका मुद्द्यावर अनेकांचे प्रकल्प घसरलेले मी पाहिलेत.

तिसरी पायरी: आलेखाचा कागद

इथे घाई करू नका. कॉम्प्युटर बंदच ठेवा.

क्ष चा वेग शून्य कुठे? जिथे ल = ४.१ − क्ष³ − २क्ष². आडव्या अक्षावर क्ष, उभ्यावर ल घ्या आणि बिंदू मांडा. क्ष = −२ ला ल ४.१ येतो, −१.५ ला २.९७५, −१ ला ३.१, शून्याला पुन्हा ४.१, ०.५ ला ३.४७५. जोडलं की डावीकडून उतरणारी, खळग्यात जाणारी, पुन्हा शून्यावर टेकडी करून उजवीकडे कोसळणारी रेघ मिळते. डावा उतार म्हणजे शांत अवस्था. टेकडीच्या उजवीकडचा उतार म्हणजे झटका. मधली चढण अस्थिर आहे, तिथे कोणी टिकत नाही.

खळग्याचा तळ डेरिव्हेटिव्हने काढा: −३क्ष² − ४क्ष = ०, म्हणजे क्ष = −४/३. तिथे ल = २.९१५. लगाम या आकड्याच्या खाली गेला की डाव्या उतारावर पाय ठेवायला जागाच उरत नाही. क्ष उडी मारतो आणि थेट उजव्या उतारावर, ०.६७ पाशी, जाऊन पडतो. झटका सुरू. आता लगाम आवळायला लागतो, बिंदू उजव्या उताराने वर सरकत टेकडीच्या माथ्यापर्यंत, ल = ४.१ पर्यंत येतो, आणि तिथून डावीकडे −२ वर कोसळतो. झटका संपला. कोणी कांदा हुंगवला नाही. थांबण्याचं कारण त्याच समीकरणात आहे.

आता कोण आजारी, कोण निरोगी? ल चा वेग शून्य असणारी सरळ रेघ काढा: ल = ४(क्ष − उ). ती वक्र रेघेला डाव्या उतारावर छेदत असेल तर प्रदेश तिथेच विसावतो, झटका येत नाही. खळग्याच्या तळाच्या पुढे, मधल्या चढणीवर छेदत असेल तर विसावायला जागा नाही; झटके येत राहतात. सीमेवरचा उ काढायला तळाचे आकडे घाला: २.९१५ = ४(−१.३३३ − उ). उ निघतो −२.०६. या मॉडेलवरच्या लेखांमध्ये उंबरठा म्हणून जो आकडा छापलेला असतो, तो याच्याच आसपासचा. मी पहिल्यांदा हा आकडा वहीत काढला आणि मग छापील लेखात पाहिला, तेव्हा मला हा विषय आपला वाटायला लागला. तुम्हीही आधी वहीतच काढा.

चौथी पायरी: कॉम्प्युटर

गुगल कोलॅबवर पायथन फुकट चालतं, मोबाइलवरसुद्धा. सायलॅब हे गणिताचं सॉफ्टवेअरही चालेल, आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलमध्ये सायलॅबचे धडे मराठीतून ऐकता येतात. रीत ऑयलरची, सर्वांत साधी: नवा क्ष = जुना क्ष + पाऊल × वेग. ल चंही तसंच. पाऊल ०.०५ ठेवा आणि ६००० एककं चालवा, म्हणजे एक लाख वीस हजार पावलं. साधा लूप पुरतो.

सुरुवात क्ष = −१.४६, ल = २.९५ पासून करा. उ = −२.२ ठेवलात तर काहीच घडणार नाही, रेघ सपाट राहील. हाच आपला निरोगी प्रदेश. उ = −१.६ करा: थोड्याच वेळात पहिली उडी दिसेल आणि ६००० एककांत तीन-चार झटके मिळतील. एक झटका साधारण साडेसातशे ते आठशे एककांचा. एवढं मिळालं की पुढे जा. नाही मिळालं तर चिन्हं तपासा, विशेषतः −क्ष³.

पाचवी पायरी: दोन प्रदेश जोडा

आता खरा विषय. प्रदेश १ आजारी, उ = −१.६. प्रदेश २ निरोगी, उ = −२.२. एकटा सोडला तर प्रदेश २ ला जन्मात झटका येणार नाही.

जोड संथ चलातून द्यायचा, म्हणजे शेजाऱ्याची खळबळ माझा लगाम सैल करते. २०१४ मध्येच प्रुआ आणि सहकाऱ्यांनी हा मार्ग दाखवला. प्रदेश २ साठी:

ल२ चा वेग = [४(क्ष२ − उ२) − ल२ − ज(क्ष१ − क्ष२)] ÷ २८५७

प्रदेश १ साठी १ आणि २ यांची अदलाबदल. ज म्हणजे जोडाची ताकद. ज च्या आधीचं उणे चिन्ह जपा. मी ते अधिक लिहून दोन आठवडे बसलो होतो. माझ्या मॉडेलात शेजाऱ्याला झटका आला की प्रदेश २ उलट जास्तच शांत व्हायचा, आणि मी त्याला शरीराचा बचाव समजून त्याची कारणं शोधत होतो.

चालवण्याआधी पुन्हा वही. प्रदेश २ ने उडी मारायची तर त्याचा लगाम २.९१५ च्या खाली जायला हवा. खळग्याच्या तळाशी ४(−१.३३३ + २.२) होतात ३.४६७. म्हणजे जोडाने ०.५५२ एवढं तरी वजा करायला हवं. शेजाऱ्याचा क्ष झटक्यात जास्तीत जास्त ०.६७, आपला −१.३३, फरक २. म्हणून ज किमान ०.२८ हवा. त्याहून कमी असेल तर प्रदेश १ कितीही वेळा पेटला तरी २ शांत राहणार.

ही खालची सीमा आहे. प्रत्यक्षात थोडा जास्त ज लागतो, कारण शेजाऱ्याचा क्ष ०.६७ वर टिकत नाही, झटक्यादरम्यान शून्याकडे उतरत जातो, आणि लगाम खाली यायला वेळ लागतो. दोन संथ गोष्टींची शर्यत असते: एकीकडे माझा लगाम सैलावतोय, दुसरीकडे शेजाऱ्याचा झटका संपत आलाय.

आता चालवा. दोघांचीही सुरुवात −१.४६ आणि २.९५. ज = ०.१ ला प्रदेश २ नुसता जरासा वर उचलला जातो आणि परत बसतो. ज = ०.५ ला तो पेटतो, पण लगेच नाही: प्रदेश १ नंतर साधारण दोनशे एककांनी. अंगठा आणि पंजा यांच्यात जे काही क्षण गेले, ते हेच. रेघ पहिल्यांदा पडद्यावर आली तेव्हा मी ती बराच वेळ बघत बसलो होतो.

पुढच्या झटक्यात प्रदेश २ आणखी उशिरा आला किंवा आलाच नाही तर घाबरू नका. स्वतःच्या झटक्यानंतर त्याचा लगाम उंचावर असतो आणि शेजाऱ्याची पुढची पाळी येईतो पुरता उतरलेला नसतो. ज ०.१ पासून १ पर्यंत थोडा थोडा वाढवत न्या, प्रत्येक वेळी विलंब लिहून ठेवा आणि त्याचा आलेख काढा. एवढ्यावर एमएस्सीचा एक नेटका प्रकल्प होतो.

हे मॉडेल काय दाखवत नाही

शेवटच्या धक्क्यांमधलं वाढतं अंतर, जे माझ्या हाताला कळलं होतं, ते या छोट्या रूपात दिसणार नाही. इथे झटका म्हणजे फक्त ‘चालू’ आणि ‘बंद’. त्यासाठी पाच चलांचं पूर्ण एपिलेप्टर घ्यावं लागतं. त्यात झटक्याच्या शेवटी आवर्तन एका अस्थिर बिंदूजवळून जायला लागतं, तिथे रेंगाळतं, आणि म्हणून धक्के दूरदूर पडतात. झटका संपताना धक्के संथ होतात हे डॉक्टर फार आधीपासून बघत आलेत. समीकरणातून तेच बाहेर पडतं, म्हणून या मॉडेलवर माझा भरवसा बसला.

खऱ्या ईईजी नोंदी बघायच्या असतील तर दोन संच नवख्याला पुरेत. बॉन विद्यापीठाचा: पाच गट, प्रत्येकी १०० तुकडे, तुकडा २३.६ सेकंदांचा. आणि फिजिओनेट या संकेतस्थळावरचा बॉस्टनच्या बालरुग्णालयाचा, सेकंदाला २५६ नोंदींचा. दोन्ही फुकट. आपल्या रेघा त्यांच्यावर जशाच्या तशा बसवू बघू नका. झटका कुठल्या तारेवर आधी दिसतो, कुठल्यावर नंतर, एवढंच आधी डोळ्यांनी शोधा.

जगात सुमारे पाच कोटी लोकांना हा आजार आहे आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार योग्य उपचार मिळाले तर त्यातले ७० टक्क्यांपर्यंत लोक झटक्यांशिवाय जगू शकतात. आत्याचा मुलगा त्यातलाच. गोळ्या चुकवत नाही, माग चालवतो. ज्यांना गोळ्या पुरत नाहीत त्यांच्यातल्या काहींना शस्त्रक्रिया मदत करते, आणि तिथे सर्जनचा प्रश्न नेमका आपलाच असतो: कुठला प्रदेश मूळ, कुठले ओढले गेलेले? यिर्सा यांच्या गटाने त्यासाठी रुग्णाच्या एमआरआयवरून मेंदूतल्या जोडांचा नकाशा काढून प्रत्येक प्रदेशावर एपिलेप्टर बसवण्याची पद्धत उभी केली. २०१९ मध्ये फ्रान्समध्ये तिची रुग्णांवरची चाचणी सुरू झाली. ‘द व्हर्च्युअल ब्रेन’ हे त्यांचं सॉफ्टवेअर कोणालाही उतरवून घेता येतं. पण दोन प्रदेश हातात बसल्याशिवाय तिकडे जाऊ नका; शेकडो रेघा एकदम दिसतात आणि एकीचाही अर्थ लागत नाही. कोणाच्या घरच्या रुग्णाला आपल्या कॉम्प्युटरवरून सल्ला तर अजिबात देऊ नका. गोळी कमी-जास्त करणं हे फक्त त्यांच्या डॉक्टरांचं काम.

सहावी पायरी: तीन प्रदेश आणि एक कात्री

प्रदेश ३ घ्या, २ पेक्षाही शांत: उ = −२.३, सुरुवात −१.५५ आणि ३.०२. ज सगळीकडे ०.५. जितके शेजारी, तितकी ज ची पदं ल च्या समीकरणात घाला.

आधी साखळी करा: १ ला २ जोडलेला, २ ला ३, पण १ आणि ३ यांच्यात काही नाही. वहीत मघाचाच हिशेब प्रदेश ३ साठी केलात तर एकट्या शेजाऱ्याकडून किमान ०.४८ एवढा ज लागतो असं निघेल. आपला ज त्याच्या जेमतेम वर आहे, आणि शेजाऱ्याचा क्ष तर लगेच उतरायला लागतो. प्रदेश ३ वाचतो.

मग त्रिकोण करा, १ आणि ३ पण जोडा. आता दोन पेटलेले शेजारी एकाच वेळी लगाम सैल करतात, निम्म्या ताकदीचा जोडही पुरतो. प्रदेश ३ पेटतो. त्याचा स्वभाव बदललेला नाही, फक्त एक धागा वाढला.

या त्रिकोणात तीन जोड आहेत आणि तुम्हाला एकच कापता येतो, म्हणजे त्याचा ज शून्य करता येतो. १–३ कापला तर साखळी उरते आणि ३ वाचतो, पण २ पेटतोच. २–३ कापला तर? आणि १–२ कापला तर? पहिल्या झटक्यापुरतं बघा. तिन्हींची उत्तरं आधी वहीत लिहा, मगच चालवा. एका कापण्यात २ आणि ३ दोघेही वाचतात.